हौसेला मोल असते

हौसेला मोल नसते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याला हौसेसाठी पदरचे पैसे मोजावे लागले नसावेत, किंवा मोजले तरी ते जाणवले नसावेत. माझ्या एका हौसेचे मोल मला रुपयापर्यंत ठाऊक आहे. प्रवेशशुल्क बाराशे रुपये. बूट साडेसातशे. सायकलच्या मागच्या चाकाचा टायर तीनशे. एका रविवारची बुडालेली मजुरी अडीचशे. एकूण दोन हजार पाचशे. यांतले बाराशे रुपये आईने माझ्या परीक्षेच्या फॉर्मसाठी डब्यात ठेवलेले होते, आणि ते मी तिला न विचारता घेतले.

ही कबुली आरंभीच दिलेली बरी. कारण पुढे मी जे मत मांडणार आहे ते चोरीचे समर्थन आहे असे कुणाला वाटू नये.

गेल्या डिसेंबरात शहराबाहेर एका हौशी मंडळाने ड्युएथलॉन नावाची शर्यत भरवली होती. हा शब्द आपल्या महाविद्यालयात फारसा कुणाच्या कानावर गेलेला नाही. वर्षापूर्वी मलाही तो ठाऊक नव्हता. या शर्यतीत आधी धावायचे, मग सायकल चालवायची, आणि सायकल ठेवून पुन्हा धावायचे. मध्ये विश्रांती नाही. हेल्मेट घालण्यात, बूट बदलण्यात जो वेळ जातो तोही घड्याळ सोडत नाही. मोठ्या स्पर्धेत १० किलोमीटर धावणे, ४० किलोमीटर सायकल आणि पुन्हा ५ किलोमीटर धावणे असे अंतर असते. छोट्या स्पर्धेत त्याच्या निम्मे, म्हणजे ५, २० आणि अडीच. आमची स्पर्धा छोटी होती. ट्रायथलॉन हा याचाच मोठा भाऊ. त्यात पोहणेही असते आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला तिथे स्थान आहे. ड्युएथलॉनला ते मिळालेले नाही, परंतु त्याची जागतिक स्पर्धा १९९० पासून होते. स्वित्झर्लंडमधील झोफिंगेन या गावची शर्यत या खेळात फार मानाची समजली जाते. तिथे १० किलोमीटर धावून १५० किलोमीटर सायकल चालवायची आणि मग आणखी ३० किलोमीटर धावायचे, असा प्रकार असतो. पाण्याची वाट पाहण्यातच लहानाचे मोठे झालेल्या आम्हा सोलापूरकरांना हा खेळ त्या मानाने सोयीचा म्हटला पाहिजे. पोहण्याचा तलाव लागत नाही. पाय आणि सायकल असली की झाले. निदान मला तसे वाटले होते.

या खेळात आणखी एक चांगली गोष्ट आहे. जे व्यावसायिक खेळाडू नाहीत त्यांना वयाप्रमाणे पाच-पाच वर्षांच्या गटांत विभागतात. वीस ते चोवीस, पंचवीस ते एकोणतीस, असे थेट ऐंशीच्या पुढेपर्यंत. मी सोळा ते एकोणीस या गटात होतो. पन्नाशीच्या गृहस्थाने एकोणीस वर्षांच्या पोराशी झुंजू नये, ही यामागची कल्पना. ती मला मनापासून पटते. माणसा-माणसांत फरक असतो आणि तो मान्य केल्याशिवाय शर्यत न्याय्य होत नाही, असे त्या नियमाने कबूल केलेले आहे. माझे म्हणणे येथूनच सुरू होते.

आता थोडे माझ्याविषयी. आम्ही नवी पेठेच्या मागच्या एका बोळात राहतो. अप्पा पेठेतल्या कापडदुकानात कामाला आहेत. गाठी सोडणे, घड्या घालणे, गिऱ्हाईक गेल्यावर ठाण पुन्हा गुंडाळणे, हे त्यांचे तीस वर्षांचे काम. आई शाळेच्या गणवेषांना घरी काज-बटण करते. आजोबा गिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्या हाती राहिलेल्या मोजक्या वस्तूंपैकी एक बावीस इंची सायकल. तिच्यावर बसून ते भोंगा व्हायच्या आत दारात हजर असत, असे अप्पा सांगतात. त्याच सायकलवरून दुपारी कॉलेज सुटल्यावर मी पेठेतल्या एका दुकानाचे गठ्ठे पोचवतो. कधी दत्त चौक, कधी सात रस्ता, कधी स्टेशन. रोजचे पंधरा-वीस किलोमीटर सहज होतात. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारा मी पहिला. अप्पा सातवीपर्यंत शिकले.

धावण्याचे म्हणाल तर पार्क मैदानावर पहाटे कितीतरी मुले धावतात. मीही त्यांतलाच. परंतु त्यांतली बहुतेक भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तेवढे अंतर ठरल्या वेळात बसले की झाले. पाच किलोमीटर कुणी धावत नाही. कारण पाच किलोमीटरला गुण नाहीत. मी पुढे धावत राहिलो की मित्र विचारायचा, “का बे, तिकडं कुठली भरती काढलीय?”

आपल्या जिमखान्याच्या सरांनी मला या शर्यतीची माहिती दिली आणि स्वतःचे हेल्मेट वापरायला दिले. सायकल चालवून उतरल्याबरोबर धावायचा सराव कर, असे त्यांनी बजावले. कारण सायकलवर पाय गोल फिरायला सरावलेले असतात आणि मांड्या थकलेल्या असतात. जमिनीवर उतरल्यावर ते आपले राहिलेले नसतात. म्हणून संध्याकाळी शेवटचा गठ्ठा पोचवला की मी सायकल दुकानाच्या पायरीला लावायचो आणि तसाच नवी पेठेतून धावत सुटायचो. पहिल्या दिवशी एका पानवाल्याने मला अडवलेच. मी काही उचलून पळालो असे त्याला वाटले. आपल्याकडे माझ्यासारख्या कपड्यांतला मुलगा संध्याकाळी बाजारातून धावत असेल तर त्याला दोनच कारणे असू शकतात. एक तर तो कुणाच्या मागे लागलेला असतो, नाहीतर कुणीतरी त्याच्या मागे लागलेले असते. तो हौसेने धावत असेल हे कुणाच्या मनात येत नाही. पानवाल्याला मी दोष देत नाही. माझ्याही मनात आले नसते.

शर्यतीचा दिवस उजाडला. थंडी चांगली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळू उभा होता. सायकली लावायच्या जागेत गेलो आणि क्षणभर परत फिरावेसे वाटले. तिथे ज्या सायकली होत्या त्यांतली एक मी करंगळीने उचलून पाहिली. माझी सायकल कॅरिअर काढूनही वीस किलोच्या आसपास भरत असावी. प्रवेशाच्या अर्जात सायकलच्या प्रकाराचा एक रकाना होता. त्यात दोन-तीन प्रकार छापलेले होते. साधी सायकल हा प्रकार त्यांत नव्हता.

तथापि कुणी हसले नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. आयोजक चांगली माणसे होती. एका गृहस्थांनी माझ्या चाकात हवा भरून दिली. नियम त्यांनी सर्वांना सारखे समजावून सांगितले. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. आखलेल्या रेषेच्या पुढे गेल्याशिवाय सायकलवर बसायचे नाही. पुढच्याच्या पाठीला चिकटून त्याच्या आडोशाने चालवायचे नाही, कारण वारा त्याने कापायचा आणि फायदा आपण घ्यायचा हे प्रामाणिक नाही. बाहेरच्या कुणाची मदत घ्यायची नाही.

पहिले पाच किलोमीटर मी एकवीस मिनिटांत धावलो. आमच्या गटातल्या सहा जणांत मी पहिला होतो. सायकलवर बसलो आणि दुसऱ्या किलोमीटरपासून एकेक जण सळकन पुढे जाऊ लागला. परतीच्या वाटेवर वारा समोरून होता. आजोबांच्या सायकलीला गिअर नाहीत. वाऱ्यात ती एका ठरावीक वेगाच्या पुढे जातच नाही. तुम्ही कितीही जोर लावा, ती जणू काही गिरणीच्या वेळेचाच हिशेब करते. चौदाव्या किलोमीटरला साखळी उतरली. ती मी दीड-दोन मिनिटांत चढवली. रोजची सवय होती. वीस किलोमीटरला त्रेपन्न मिनिटे लागली. गटातल्या इतरांना अडतीस-चाळीस. उतरलो तेव्हा पाय खरोखरच माझे राहिले नव्हते, पण नवी पेठेतला सराव कामी आला. शेवटचे अडीच किलोमीटर मी बारा मिनिटांत पुरे केले. त्यातही गटात मीच पहिला होतो. एकूण एक तास सव्वीस मिनिटे. सहा जणांत सहावा.

शर्यत संपल्यावर एक प्रौढ स्पर्धक जवळ आले. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “अशा सायकलवर! शाब्बास!” त्यांनी सायकलसह माझा फोटो काढला. आणखी दोघांनी काढला. माणसे प्रेमळ होती. परंतु मला जे वाटले ते मी येथे प्रामाणिकपणे लिहितो. मला रडू आले. दोन्ही वेळा धावण्यात मी पहिला आलो होतो, आणि किती वेळात धावलो हे एकानेही विचारले नाही. त्यांना सायकल दिसली, मी दिसलो नाही.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. पैशांचेही. ती काज करत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “विचारलं असतंस तर नको म्हटलं असतं, हे खरं हाय. पण चोरून कशाला रे?” मी गप्प बसलो. थोड्या वेळाने तिनेच विचारले, “किती वेळ लागला सगळ्याला?” मी म्हणालो, एक तास सव्वीस मिनिटं. तिने मनाशी हिशेब केला आणि म्हणाली, “तेवढ्यात माझी दीड डझन शर्टाची बटणं होतात.” ती टोचून बोलली नव्हती. माझा वेळ तिने तिच्या मापाने मोजून पाहिला होता. आणि त्या दिवशी तो विचारणारी ती एकटीच होती. पुढे महिनाभर जादा फेऱ्या मारून मी ते बाराशे रुपये डब्यात परत ठेवले.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून हौशी खेळाडू या कल्पनेचा इतिहास थोडाफार वाचला. आपण हौशी म्हणतो त्याला इंग्रजीत अमॅच्युअर म्हणतात. मूळ अर्थ, ज्याला एखाद्या गोष्टीची आवड आहे तो. अर्थ किती सुंदर आहे! परंतु १८६६ साली लंडनमध्ये ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लबाने हौशी कोण याची व्याख्या केली, तेव्हा बक्षिसाच्या पैशासाठी खेळणाऱ्यांबरोबरच कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांनाही तिच्यातून वगळले. म्हणजे जो दिवसभर हाताने काम करतो त्याला आवड असू शकत नाही, असेच जणू ठरवून टाकले. १८८० साली धावण्याच्या खेळांतून ते कलम गेले, पण हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत तसा नियम पुढे कित्येक वर्षे टिकला. १९२० साली अमेरिकेच्या जॉन केली या वल्हवणाऱ्याचा अर्ज हेन्लीने नाकारला. त्याच्या क्लबावर जुनी बंदी होती हे एक कारण, आणि तो विटा रचणारा गवंडी होता हे दुसरे. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केलीने सुवर्णपदक मिळवले, आणि ज्याला मागे टाकले तो त्या वर्षीचा हेन्लीचाच विजेता होता. पुढे १९४७ साली केलीच्या मुलाने हेन्लीची तीच शर्यत जिंकली.

आज असे कलम कुठल्याही अर्जात छापलेले नसते. ते छापण्याची गरजही उरलेली नाही. बाराशे रुपये शुल्क आणि सायकलीच्या रकान्यात दोन-तीनच प्रकार एवढे पुरते. कुणी मुद्दाम केलेले नाही, हे मला मान्य आहे. पण परिणाम तोच होतो.

आपल्याकडे पाहा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका सायकलीने आडवी पार करण्याची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. त्यांच्या जिद्दीपुढे मान लवते. दवाखाना सांभाळून असा सराव करणे सोपे नाही. दुसरीकडे बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे धावपटू झाला, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने स्टीपलचेसचे रौप्यपदक जिंकले. त्याचाही आपल्या सर्वांना अभिमान आहे. परंतु या दोन वाटांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. ऐपत असलेल्याला खेळ हौस म्हणून मिळतो. ऐपत नसलेल्याला तो नोकरीच्या दारातून मिळतो. बारामतीला २०१३ साली नऊवारी नेसून धावलेल्या आणि शर्यत जिंकलेल्या लता भगवान करे पतीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून धावल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपटही निघाला. १८६६ च्या व्याख्येप्रमाणे त्या हौशी ठरल्या नसत्या. आमच्या लोकांनी धावायचे ते भरतीसाठी, बक्षिसासाठी, नाहीतर पोट भरण्यासाठी. नुसते बरे वाटते म्हणून धावणे आम्हाला शोभत नाही, असे आम्हालाच वाटू लागले आहे. माझा विरोध आहे तो याला.

माझ्या या मताला दोन आक्षेप घेतले जातात. एक मित्र म्हणतो, “पोटाला चिमटा काढून हौस कशाला? आधी नोकरी लाग, मग पळ हवं तेवढं.” त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून आहे. पण अप्पांनी हेच ऐकले होते. त्यांना लहानपणी कुस्तीचा नाद होता. आधी पोट, मग आखाडा, असे ठरवून ते दुकानात लागले. तीस वर्षे झाली. आखाडा काही आला नाही. हौस पुढे ढकलली की ती वाट पाहत थांबत नाही. वय तिच्याही पुढे धावत असते. शर्यतीतले पाच-पाच वर्षांचे गट दुसरे काय सांगतात?

दुसरा आक्षेप एका प्राध्यापकांचा. ते म्हणाले, खेळात सर्व गोष्टी समान कशा करता येतील? कुणाला उंची जास्त, कुणाला खुराक चांगला. ते खरेच आहे. सगळे समान करा असे मी म्हणत नाही. परंतु वयाचा फरक मान्य करून गट पाडता येतात, तर वीस किलोच्या आणि आठ किलोच्या सायकलीचा फरक मान्य करायला काय हरकत आहे? पाठीमागे लपून वारा चुकवणे जर अन्याय, तर वाऱ्यात गिअर नसणे हे काय आहे? मला सवलत नको आहे. मला माझ्या बरोबरीचे प्रतिस्पर्धी हवे आहेत. हरलो तर मी हरलो असे वाटावे, सायकल हरली असे नव्हे. आणि जिंकलो तर कुणी सायकलचा फोटो काढू नये.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने मी आपल्या जिमखाना विभागापुढे एक सूचना ठेवतो. आपल्या वार्षिक क्रीडास्पर्धांत एक लहानशी ड्युएथलॉन ठेवावी. तीन किलोमीटर धावणे, दहा किलोमीटर सायकल, दीड किलोमीटर धावणे. सायकल साधी, बिनगिअरची. आपल्या सायकलस्टँडवर अशा सायकली रोज उभ्या असतात. शक्य झाल्यास स्पर्धकांच्या सायकली एकत्र करून चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात, म्हणजे कुणाची नवी, कुणाची जुनी ही तक्रारही उरणार नाही. हेल्मेट सर्वांना विभागाने द्यावे. शुल्क नसावे. मुलींचा गट वेगळा असावा आणि त्यांचे अंतर मुलांइतकेच असावे. शाळेसाठी खेड्यातून रोज सायकल मारत आलेल्या मुली आपल्या वर्गात आहेत. त्यांना कमी अंतर देण्याचे कारण मला दिसत नाही. आणि स्पर्धा सकाळी आठच्या आत संपावी, म्हणजे जे कामाला जातात त्यांची मजुरी बुडणार नाही.

खर्च फार नाही. एक चुन्याची रेषा, दोन-तीन घड्याळे आणि वळणावर उभे राहायला काही स्वयंसेवक. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते, असे आपण वाचतो. आमच्या प्राचार्यांनी आणि प्राध्यापकांनी तसे काही करावे अशी आमची अपेक्षा नाही. एक रविवारची सकाळ मिळाली तरी पुरे.

पुढच्या वर्षी मी वीस ते चोवीस या गटात जाईन. प्रवेशशुल्कासाठी मी आतापासून वेगळा डबा केला आहे. तो आईच्याच फळीवर असतो आणि त्यात काय आहे हे तिला ठाऊक आहे. परवा मी संध्याकाळी धावून आलो तेव्हा तिने सुई थांबवून विचारले, “आज किती?” मी वेळ सांगितली. “परवापेक्षा बरी हाय,” ती म्हणाली, आणि पुढचे बटण घेतले.